बांधावरची निलगिरी

आमच्या घरात कुणावर चटकन विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. दूधवाल्यानं आपणहून जरा जास्त दूध घातलं, तरी आई पातेलं उजेडाला धरून बघायची. आबा, म्हणजे माझे वडील, नवी टोपी घेताना दुकानदाराच्या तोंडावर तिची शिवण ओढून बघायचे. मीही त्याच वळणावर गेले आहे. शेजारीण हसून बोलली की हिला आता काय हवंय, हाच विचार आधी मनात येतो. लोक याला वाईट खोड म्हणतात. म्हणोत बापडे.

ही खोड मला कुठं लागली ते मला पक्कं ठाऊक आहे. आमचं घर कोल्हापुरातल्या एका पेठेत आणि उसाचं शेत हातकणंगल्याच्या रस्त्याला, सायकलनं जाऊन येण्याच्या अंतरावर. आजोबा गेल्यावर आबा आणि काका या दोन सख्ख्या भावांनी शेताच्या दोन वाटण्या केल्या. घरातही मधे भिंत आली आणि एकाच कट्ट्यावर दोन दारं झाली. कट्टा तेवढा सामाईक राहिला, कारण तो कापायचा तर पायरी कुणाची यावरून पुन्हा वाद झाला असता. मी तेव्हा शाळेत होते. वाटणीच्या दिवशी दोघं भाऊ एकमेकांशी फारच गोड बोलत होते, आणि मला तेच खटकलं होतं.

शेताच्या मधोमध बांध घातला. बांध म्हणजे काय, मातीचाच. नांगरताना दरवर्षी एखादं तास, म्हणजे नांगराची एक रेघ, बांधाच्या अंगावर घेतलं की वीतभर जमीन गुपचूप आपल्याकडे सरकते, आणि काही वर्षांनी शेजाऱ्याचं शेत बारीक झालं तरी त्याला पत्ता लागत नाही. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात, आणि त्यात परक्यापेक्षा सख्खा भाऊ जास्त तरबेज असतो असं समजलं जातं. खुणेला दगड रोवावेत, तर दगड हलवता येतो. म्हणून जाणत्या माणसांनी सुचवलं की बांधावर झाडांची रांग लावा. झाड कुणाला सरकवता येत नाही. ते मुकाट्यानं साक्षीला उभं राहतं.

त्या काळात रोपवाटिकेत निलगिरीची रोपं सहज मिळायची. झाड सरळ वाढतं, सावली फार धरत नाही, शेरडं तोंड लावत नाहीत. काकांनी रोपं आणली, आबांनी दोरी धरून रांग आखली. आत्तीही आली होती. आत्ती म्हणजे माझी आत्या, आबा आणि काका यांच्या मधली. ती राधानगरीकडे दिलेली, भाताच्या मुलखात. आई-वडील दोघंही गेलेले, तेव्हा हे दोन भाऊ एवढंच तिचं माहेर उरलं होतं.

"आता बघूया बांध कोण कोरतंय ते," आबा म्हणाले.

"तूच कोरला असतास दादा," काका हसत म्हणाले. आबा हसले नाहीत.

"भांडू नगासा," आत्ती म्हणाली, "मला पाणी घालू द्या झाडांस्नी." तिनं प्रत्येक रोपाला हळदकुंकू लावलं आणि कळशीनं पहिलं पाणी घातलं. दोन भावांचं आता बरं चालेल असं तिला खरंच वाटत होतं.

सुरुवातीची काही वर्षं बरं चाललं. झाडं बघता बघता घरापेक्षा उंच गेली. मग आमच्या बांधाकडच्या सऱ्यांमधला ऊस खाली बसायला लागला. शेताच्या मध्यावर ऊस माणसाच्या दुप्पट, काळाभोर हिरवा. बांधाच्या कडेला तोच ऊस माझ्या खांद्याइतका, पेरं आखूड, पानांची टोकं करपलेली. आबांनी वरचे शेंडे बघितले, बुडखे बघितले आणि मग बांधापलीकडे बघितलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. "बारक्यानं बांधाला भोक पाडलंय. आपलं पाणी तिकडं चाललंय."

बारक्या म्हणजे काका. आबांनी बांधाची सगळी कड हाताने चाचपून बघितली. खेकड्याची बिळं निघाली, भोक काही निघालं नाही. त्यानं संशय कमी होण्याऐवजी वाढला, कारण काकांनी भोक बुजवलं असणार. मग काका मिठाचं पाणी सोडत असतील असं ठरलं. आईनं दृष्ट लागल्याचा मुद्दा काढला आणि त्या सरीत एक काळं मडकं उलटं टांगून आली. काकी म्हणजे काकांची बायको ते मडकं बघून घरी काय बोलली, ते मला भिंतीतून ऐकू आलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आबांनी मग तोडगे सुरू केले. पाण्याची पाळी आली की बांधाकडच्या सऱ्यांना जास्तीचं पाणी. खत टाकताना तिथंच युरियाची जास्तीची मूठ. आणि पुढच्या लागणीला त्यांनी त्या सऱ्यांत टिपऱ्या अंगाला अंग लावून पुरल्या. टिपरी म्हणजे लागणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा. दोन टिपऱ्यांत अंतर ठेवायचं असतं, कोंबांना पसरायला जागा लागते, हे आबांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते म्हणाले, "त्येनं निम्मा मारला तरी निम्मा ऱ्हाईल की."

कोंब आले ते दाटीवाटीनं. करंगळीएवढ्या काड्या एकमेकींना रेटत उजेडाकडे पळायला लागल्या. बऱ्याचशा आतल्या आत पिवळ्या पडून मेल्या. ज्या राहिल्या त्या लांब आणि लुकड्या, आणि पहिल्या वाऱ्याला आडव्या झाल्या. "एका चुलीम्होरं चार जावा बसवल्यागत झालंय," आई म्हणाली. आबा तिच्यावर खेकसले. त्यांच्या हिशेबी यातही काकांचाच हात होता.

त्या सऱ्यांतल्या उसाची दोन्हीकडून कोंडी झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. एकीकडून निलगिरी आणि दुसरीकडून त्याचीच भावंडं. जास्तीचं पाणी घातलं ते झाड पीत होतं. जास्तीचं खतही त्याच्याच पोटात जात होतं. आणि झाड जोमानं वाढलं की आबा खूश व्हायचे, कारण साक्षीदार धट्टाकट्टा झाला होता.

काका काय करतात ते बघायला आबा मला सुट्टीच्या दिवशी बांधावर पुस्तक घेऊन बसवायचे. उंच उसात दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येतं. पलीकडे पाला सळसळला की मी श्वास रोखायची. कधी काकांचा खोकला यायचा, कधी खोरं मातीत रुतल्याचा आवाज. एकदा मी पाला बाजूला करून डोकावले, तर पलीकडून काकीही पाला बाजूला करून माझ्याकडेच बघत होती. आम्ही दोघींनी एकदमच पाला सोडून दिला. घरी येऊन मी आबांना सांगितलं, तसे ते म्हणाले, "बघ, पहारा ठेवलाय. चोर असल्याबिगर कोण पहारा ठेवतंय?" आम्हीही ठेवलाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

आत्ती दर दिवाळीला यायची. एस.टी.तून उतरायची ती दोन गाठोडी घेऊन. नव्या भाताचे पोहे, दोन्हीकडे अगदी सारखे. भाऊबीजेला आधी थोरल्याला ओवाळायची, मग भिंतीपलीकडे जाऊन धाकट्याला. दोन्ही घरांत जाणारी आणि दोन्ही शेतांत फिरणारी तेवढी एकटीच होती. त्या वर्षी ती सकाळी शेताकडे जाऊन आली आणि कट्ट्यावर बसत म्हणाली, "दादा, तुजाच न्हवं, बारक्याचाबी ऊस आखूड हाय. बांधाकडंला जाऊन बघ की जरा."

मला वाटलं, सुटलं. पण आबांचे डोळे बारीक झाले.

"तुला त्येनं पढवून धाडलंय व्हय?"

"मला कोण पढवतंय? माज्या डोळ्यानं बघून आले मी."

"मग त्येनं मुद्दाम आखूड ठेवला असंल. आपल्यावर कुणी संशय घेऊ नये म्हणून."

आत्ती उठून काकांकडे गेली. भिंतीतून काकांचाही आवाज आला, "तुला दादानं पढवून धाडलंय व्हय?" दोघांच्या तोंडी तेच वाक्य. दोन्हीकडचं बघितलं होतं म्हणूनच तिचं दोन्हीकडे खरं मानलं जात नव्हतं. मग आबांनी दारातून ऐकवलं की त्याच्याकडे जायचं असेल तर इकडे येऊ नको, आणि काकांनी तसंच उलट सांगितलं. आत्तीनं दोन्ही गाठोडी कट्ट्यावर दोन दारांच्या मधे ठेवली.

"मला दोन माहेरं नगत," ती म्हणाली. "एक द्या, न्हायतर ऱ्हाऊ दे." न ओवाळता ती तशीच स्टँडवर गेली. मी मागं पळत गेले, पण तिनं वळून बघितलं नाही.

ऊस तुटून गेल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला आबांनी बांधालगत चर खणायला घेतला. भोक सापडलं नाही, तेव्हा आता पाइप पुरलेला असणार असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. कुदळीचा आवाज ऐकून काका धावत आले.

"बांध कोरायलास व्हय दादा? दिवसाढवळ्या?"

"तुजा पाइप हुडकायलोय."

"कसला पाइप?" म्हणत काकांनी चरात उडी टाकली. मी वर उभी होते, आणि आता मारामारी होणार हे धरूनच चालले होते. पण दोघंही खाली बघत थांबले. बांधाकडून मनगटाएवढं मूळ आमच्या शेतात घुसलं होतं. त्याला बोटाएवढी, त्यांना दोऱ्याएवढी, आणि उसाच्या बुडख्यांखाली नुसता गुंतवळ. आबांनी मूठभर माती उचलली. कालच पाणी दिलेलं, तरी ती भुरभुरीत कोरडी होती. काकांनी आबांची कुदळ उचलली, बांध ओलांडून स्वतःच्या बाजूला खणलं. तिथंही तेच.

मला वाटलं, आता तरी हसतील. हसले नाहीत.

"रोपं तू आणलीस," आबा म्हणाले.

"रांग तू धरलीस," काका म्हणाले. मग मुळाकडे बघत, "तोडायची म्हणलं तर?"

"मग बांध कुठं हाय ते कुणी सांगायचं?"

"मला ठावं हाय की."

"तुला ठावं हाय, त्येचीच तर भीती हाय."

झालं. चर बुजवला, कारण चरानं बांध ढासळेल अशी काकांना शंका होती. झाडं तशीच उभी राहिली. ऊस कशानं मरतोय हे कळूनही दोघांनी पुन्हा लागण केली. एकमेकांवर भरवसा ठेवण्यापेक्षा कडेचा ऊस गेलेला त्यांना परवडत होता. मला दोघांचाही भयंकर राग आला.

नागपंचमीलाही आत्ती आली नाही, म्हणून आईनं मला राधानगरीच्या गाडीत बसवून दिलं. तिकडं पाऊस नुसता कोसळत होता. रोप लावून झालं होतं, शेतं ओळीनं हिरवी झाली होती. एका कोपऱ्यात मात्र वाफ्यात उरलेला तरवा, म्हणजे भाताची न उपटलेली रोपं, तशीच गर्दी करून उभी होती, पिवळी आणि खुरटी. "त्येंना जागाच मिळाली न्हाय," माझी नजर बघून आत्ती म्हणाली. भाऊ कसे आहेत ते तिनं विचारलं नाही. जेवायला वाढताना एकदम म्हणाली, "त्या झाडांस्नी पयलं पाणी मीच घातलं गं. हळदकुंकू लावून घातलं." आणि तिला रडू फुटलं. मीही रडले. निघताना तिनं निरोप दिला, "झाडं उभी हायत तवर मी येत न्हाय. दोघांस्नी सांग."

मी दोघांना सांगितलं. आबांनी विचारलं, "आधी कुणाला सांगितलंस?" काकांनी विचारलं, "दादाला निराळं काय सांगितलंय?"

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी आबा लवकर आंघोळ करून बसले. वाट बघत नव्हते म्हणे. दर गाडीच्या वेळेला उगाच कट्ट्यावर जाऊन येत होते. दुपार कलली तसे मला हळूच म्हणाले, "भिंतीपलीकडं जाऊन ये. दारात तिच्या चपला हायत का बघ." मी निघणार, तोच काकी आमच्या दारात वाटी घेऊन विरजण मागायला आली. मागत होती विरजण, पण नजर खाली चपलांवर. आईच्याही ते लक्षात आलं. तिनं विरजण तेवढं दिलं.

संध्याकाळी दोघं भाऊ कट्ट्यावर आपापल्या दारासमोर उभे होते.

"तुज्याकडं न्हाय?" आबांनी विचारलं.

"न्हाय. तुज्याकडं?"

"न्हाय."

दोघांची कपाळं टिळ्याविना कोरी होती. काका कट्ट्यावर खाली बसले. आबा उभ्यानंच म्हणाले, "ऊस तुटला की करवत आण."

"माजी बोथट हाय. तू आण," काका म्हणाले.

ऊस तुटल्यावर झाडं तोडली, पण त्यासाठी माणूस लावला नाही. आबांचा माणूस काकांना चालेना, काकांचा आबांना. मग दोन मुठींची मोठी करवत आणली आणि दोघं स्वतः बसले, एक मूठ इकडे, एक तिकडे. ती करवत एकट्यानं चालत नाही. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडावं लागतं. पहिल्या झाडाला दोघंही एकदमच ओढत होते आणि एकमेकांना शिव्या घालत होते. झाड कुणाच्या बाजूला पडणार यावरून वेगळं भांडण. शेवटच्या झाडापर्यंत मात्र दोघांचा हात बसला होता. सगळ्या शेतात निलगिरीचा वास भरून राहिला. खोडं एक तुला, एक मला अशी वाटून घेतली, आणि बांधावर नुसते खुंट उरले.

पण निलगिरी अशी सहज मरत नाही. पंधरवड्यात खुंटांना लालसर कोंब फुटले. ते वाढू दिले असते तर पुन्हा तेच. दोन-तीन दिवस गेले, आणि आबा संध्याकाळी शेतावरून विचार करत आले.

"खुंटाचं कोंब मी मोडाय गेलतो. आधीच कुणीतरी मोडलेत."

आईनं विचारलं, "मग बरंच झालं की?"

"बरं कसं? कोण येतंय माज्या बांधावर?"

मला पुन्हा पहाऱ्यावर बसवलं. या वेळी लपायला ऊस नव्हता, म्हणून मी विहिरीच्या काठाशी पुस्तक घेऊन बसले. सकाळी काका आले. एकेका खुंटाशी वाकून त्यांनी कोंब मोडले, आमच्या बाजूचेसुद्धा. वळवाच्या पावसानं आमच्याकडून बांधाची माती ढासळली होती. काकांनी इकडेतिकडे बघितलं, स्वतःच्या शेतातली चार खोरी माती ओढून तिथं घातली आणि पायानं दाबली. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"माती कुणाच्या बाजूची घेतली?" आबांनी विचारलं.

"त्यांच्या."

"नीट बघितलंस न्हवं?" एवढंच आबा म्हणाले. त्यानंतर ते संध्याकाळी जायला लागले आणि राहिलेसाहिले कोंब मोडून यायला लागले. एकदा काकांच्या बाजूचं तणही उपटून आले. घरी विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे करायला गेलतो. भिंतीपलीकडे काकाही सकाळी पाय मोकळे करायला जात होते. समोरासमोर कधीच आले नाहीत.

झाडं तोडल्याचा निरोप आईनं धाडला होता. त्या दिवाळीला आत्ती आली. एस.टी.तून उतरली, हातात एकच गाठोडं. आईनं कट्ट्यावर शेजारी शेजारी दोन पाट मांडले होते, पण आत्ती बसेना. "आधी बांध बघणार," म्हणाली. तिलाही आमचंच रक्त होतं, नुसत्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवणार? सगळे शेताकडे निघालो. बांधाच्या दोन्ही कडांना ऊस डोक्याच्या वर गेला होता. मधे खुंटांची रांग होती, काळी आणि साफ. एकालाही कोंब नव्हता. आत्ती एकेका खुंटाला हात लावत चालत गेली, आणि शेवटी वळली.

"निलगिरी तोडली तरी फुटती. हे कोंब मोडतंय कोण?"

"बारक्या मोडतोय," आबा म्हणाले.

"दादा मोडतोय," काका म्हणाले.

दोघांची बोटं एकमेकांकडे रोखलेली होती. पाण्याच्या, मिठाच्या, पाइपच्या वेळी रोखलेली असायची तशीच. आत्ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मग ती खुंटावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

"घरला नगं," ती म्हणाली, "हितंच बसा दोघं. हितंच ओवाळते."

ताट आणायला मला पिटाळलं. मी सायकल जोरात मारत गेले आणि ताट, निरांजन, काड्यापेटी पिशवीत घालून आले. येऊन बघते तर दोघं मातीत मांडी घालून बसले होते, बांधाच्या एकाच बाजूला, आणि आत्ती त्यांच्या समोर. वाऱ्यानं विझू नये म्हणून दोघांनी निरांजनाला हाताचा आडोसा केला. बसले होते ती बाजू कुणाची, हे बघायचं मात्र माझ्याकडूनही राहून गेलं.